संगणक झोपतो तेव्हा

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा, थोडा आटोपशीर केलेला मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘संगणकतज्ज्ञ’ असं छापलं आहे. छापणाऱ्यांचं प्रेम आहे, पण ते खरं नाही. मी पॉलिटेक्निकचा इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमावाला, आणि गेली एकवीस-बावीस वर्षं राज्य शासनाच्या नोकरीत. कार्यालयातला संगणक, प्रिंटर, यूपीएस रुसला की मला हाक पडते, एवढंच. कालचं कीर्तन आणि उद्याची नाट्यगीतं यांच्यामध्ये माझं भाषण म्हणजे दोन पुरणपोळ्यांच्या मध्ये कारल्याची भाजी वाढल्यासारखं आहे. त्यातून जन्म इंदूरचा आणि शाळा हिंदी, तेव्हा बोलण्यात हिंदी शब्द घुसले तर सांभाळून घ्या.

विषय कसा ठरला ते सांगतो. वर्गणीच्या बैठकीनंतर चहा पिताना एका काकूंनी मला विचारलं, “अरे, रात्री कम्प्युटर बंद करायचा की नुसता झाकायचा? मुलगा म्हणतो, बंद करू नको, झोपव. हे म्हणतात, भिंतीवरचं बटणच बंद कर, लाइटचं बिल येतं. मी ऐकायचं कुणाचं?” दोघांचंही थोडं थोडं ऐकायचं, असं मी म्हणालो. पण कधी कुणाचं, आणि का, हे सांगता सांगता चहा गार झाला आणि अध्यक्षांनी तिथंच फर्मान काढलं की हेच गणपतीत बोला.

तसे हे दिवसही झोपेचेच आहेत. आषाढीला भगवंत शेषशय्येवर पहुडतात ते कार्तिकीला उठतात. त्या झोपेला आपण योगनिद्रा म्हणतो, म्हणजे भान न सोडलेली झोप. संगणकाची झोपही त्याच जातीची. भान किती सुटलं आणि किती राहिलं, यावरून तिच्या पायऱ्या पाडलेल्या आहेत.

पण सगळा संगणक झोपायच्या आधी त्याच्यातला प्रोसेसर झोपतो, आणि तो दिवसभर झोपतो. तुम्ही पत्र टाइप करत असता तेव्हासुद्धा. तुम्हाला वाटतं, तोही तुमच्याबरोबर राबतोय. चांगला टंकलेखक सेकंदाला पाच अक्षरं मारतो. प्रोसेसरचं घड्याळ सेकंदाला अडीचशे कोटी ठोके देतं. म्हणजे तुमच्या दोन अक्षरांच्या मध्ये त्याच्याकडे पन्नास कोटी ठोके असतात, आणि एक अक्षर पडद्यावर काढायला त्याला त्यातले अगदी थोडे लागतात. बाकीचा वेळ तो रिकामा. तो विजेचं काय करतो हे ठरतं या रिकाम्या वेळात.

डॉसच्या जमान्यात तो काही थांबत नसे. “काम आलं का? नाही. काम आलं का? नाही,” असं पूर्ण वेगानं विचारत बसायचा. स्टँडवर लावलेल्या सायकलचं पायडल मारत बसावं तसं. गंमत म्हणजे ‘आता थांब, कुणी हाक मारली की उठ’ अशी आज्ञा इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ या चिपमध्येच होती. सोय होती, वापरत कुणी नव्हतं. विंडोज ९५ सुद्धा रिकाम्या वेळी ती आज्ञा देत नसे, आमच्या डिप्लोमाच्या दिवसांत लोक त्यासाठी वेगळे छोटे प्रोग्राम टाकायचे आणि मग कॅबिनेटवर हात ठेवून एकमेकांना सांगायचे, “बघ, गार झालं.”

त्या काळी फरक थोडा होता म्हणून कुणाला पर्वा नव्हती. पुढे चिप इतक्या तापू लागल्या की पर्वा करणं भाग पडलं. २००४ मध्ये आलेल्या नव्या पेंटियम ४ मधल्या वरच्या चिप भर कामात एकशे पंधरा वॅटच्या घरात गेल्या. आपल्याकडचा जुना पिवळा शंभरचा बल्ब आठवा. त्याहून जास्त, आणि तोही अंगठ्याच्या नखाएवढ्या तुकड्यातून. त्याच वर्षी इंटेलनं त्या घराण्यातली पुढची चिप मध्येच सोडून दिली. वेग वाढवत न्यायचा रस्ता तिथं उष्णतेनं अडवला, आणि त्यानंतर एका चिपवर दोन, चार, आठ गाभे बसवायची पद्धत रूढ झाली.

वीज वाचवायच्या दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे हळू चालणं. चालत्या चिपची वीज दोन गोष्टींवर ठरते: घड्याळाचा वेग आणि व्होल्टेज. वेग निम्मा केला तर वीज निम्मी. पण व्होल्टेजचा हिशेब वर्गाचा आहे, आणि हळू चालणाऱ्या चिपला कमी व्होल्टेज पुरतं. समजा १.२ व्होल्टचं ०.९ केलं. १.२ चा वर्ग १.४४, ०.९ चा ०.८१. म्हणजे वीज छप्पन टक्क्यांवर आली. त्यात वेगही निम्मा केला तर अठ्ठावीस टक्के. इंटेलनं २००० साली लॅपटॉपच्या पेंटियम ३ मध्ये ‘स्पीडस्टेप’ या नावानं हे आणलं. मागे बसलेला एखादा चुणचुणीत मुलगा म्हणेल, काका, वेग निम्मा झाला तर कामाला वेळ दुप्पट लागेल! बरोबर. म्हणून एका कामामागची वीज अठ्ठावीसवर येत नाही, छप्पनवरच थांबते. तीही काही वाईट नाही.

दुसरी वाट याच्या अगदी उलट. भरभर काम उरकायचं आणि लगेच गाढ झोपायचं. लग्नघरात काही बायका दिवसभर हळूहळू काम करत राहतात, आणि काही तासाभरात फडशा पाडून पदर डोक्याखाली घेऊन आडव्या होतात. आजच्या चिपचा कल दुसरीकडे जास्त आहे, कारण त्यांच्यात गळती असते. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले आहेत की ‘बंद’ असतानाही त्यांच्यातून थोडा प्रवाह झिरपत राहतो. चिप नुसती जागी असली तरी झिरपणं चालू. ते थांबवायचं तर त्या भागाची वीजच तोडावी लागते.

म्हणून प्रोसेसरच्या डुलकीलाही पायऱ्या आहेत. त्यांना सी-स्टेट म्हणतात. सी-शून्य म्हणजे जागा. सी-एक म्हणजे लिहिता लिहिता हात थांबला, पेन बोटांतच आहे. आणखी खाली गेलं की घड्याळ थांबतं, मग जवळची छोटी स्मृती, कॅश, रिकामी केली जाते, आणि सी-सहापर्यंत पोचल्यावर गाभा आपली सगळी अवस्था एका कोपऱ्यात जपून ठेवतो आणि त्याचं व्होल्टेज जवळजवळ शून्यावर आणतात. बाबूनं फायली कपाटात ठेवल्या, दिवा मालवला, कुलूप लावलं. आता त्याला हाक मारली तर लगेच ‘ओ’ मिळणार नाही. सी-एकमधून उठायला मायक्रोसेकंदभर लागत असेल तर खालच्या पायरीवरून कित्येक दहा, कधी शंभरावर. तुम्हा-आम्हाला ते कळतही नाही, पण त्याला विचार करावा लागतो की पुढचं काम केव्हा येईल, आणि तेवढ्यासाठी दिवा मालवणं परवडेल का.

इथं एक मौज आहे. पूर्वीच्या ऑपरेटिंग सिस्टिम घड्याळ राखण्यासाठी प्रोसेसरला ठराविक अंतरानं उठवायच्या. लिनक्सच्या एका काळच्या आवृत्त्यांमध्ये सेकंदाला हजार वेळा, विंडोजमध्ये साधारण चौसष्ट वेळा. दुपारी आई जरा पडली की दर मिनिटाला येऊन “आई, झोपलीस का?” विचारणारं पोर असतं ना, तसं. ती बिचारी झोपणार कधी? २००७ मध्ये लिनक्सनं ही टकटक रिकाम्या वेळी बंद केली. त्याच साली इंटेलनं एक छोटा प्रोग्राम दिला, जो कोणतं सॉफ्टवेअर प्रोसेसरला किती वेळा उठवतंय याची यादीच दाखवायचा. यादी बघून लोकांना आपल्याच प्रोग्रामची लाज वाटली आणि भराभर दुरुस्त्या झाल्या. दंड नाही, नोटीस नाही, नुसती यादी लावली. सरकारी नोकरीत असल्यामुळे मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं.

मोबाइलमध्ये जी एआरएम जातीची चिप असते तिची जन्मकथाही सांगण्यासारखी आहे. १९८५ मध्ये इंग्लंडच्या केंब्रिजला एकॉर्न कंपनीत पहिली चिप आली. चाचणी घेताना स्टीव्ह फर्बर यांनी तिची वीज मोजायला मीटर लावला तर काटा शून्यावर. चिप मात्र व्यवस्थित चालतेय! मागाहून कळलं की बोर्डावर तिच्या विजेची जोडणीच राहून गेली होती, आणि शेजारच्या सर्किटांकडून येणाऱ्या सिग्नलमधून जी थोडी वीज आत गळत होती तेवढ्यावर ती काम करत होती. त्यांना खरं तर स्वस्त प्लॅस्टिकच्या वेष्टनात न तापणारी चिप हवी होती, म्हणून ती काटकसरी झाली. मोबाइलचं तेव्हा स्वप्नही नव्हतं.

आता काकूंच्या प्रश्नाकडे येतो, म्हणजे सगळा संगणक झोपवण्याकडे.

जुन्या संगणकाला खटका होता. तो दाबला की मेनची वीज तुटायची. विंडोज ९५ मध्ये काळ्या पडद्यावर केशरी अक्षरांत ‘आता संगणक बंद करायला हरकत नाही’ अशा अर्थाचा मजकूर यायचा आणि मग आपण खटका दाबायचो, आठवतंय? १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स नावाची नवी रचना आणली. तिच्यात समोरचं बटण वीज तोडत नाही, फक्त निरोप देतं. संगणक ‘बंद’ असतानाही त्याच्या पॉवर सप्लायमधून जांभळ्या रंगाच्या एका तारेतून पाच व्होल्ट आत जात राहतात. देवघरातल्या समईसारखी ती एक वात कायम तेवत असते. तिच्यामुळेच कीबोर्डचं बटण दाबून किंवा नेटवर्कवरून हाक मारून संगणक उठवता येतो. १९९६ च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून झोपेचे नियम ठरवले, आणि एस-एक, एस-तीन, एस-चार, एस-पाच अशा पायऱ्यांना नावं मिळाली.

एस-एक आता फारसा कुणी वापरत नाही, सोडून देऊ. महत्त्वाची ती एस-तीन. आपण जिला ‘स्लीप’ म्हणतो, ती बहुतेक वेळा हीच. यात प्रोसेसर, डिस्क, पंखे, पडदा, सगळं बंद. फक्त रॅम, म्हणजे चालू कामाची स्मृती, जिवंत. रॅममधली प्रत्येक नोंद विजेच्या एका इवल्याशा साठ्यात असते आणि तो साठा गळका असतो. दर चौसष्ट मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो, नाहीतर नोंद पुसली जाते. झोपेत रॅम हे भरण्याचं काम स्वतःच करत राहते, त्या समईच्या विजेवर. दोन-तीन वॅट पुरतात. बटण दाबलं की दोन-चार सेकंदांत जसं सोडलं होतं तसं सगळं समोर. मात्र वीज तुटली की संपलं.

हे मी पुस्तकातून शिकलो होतोच. घरी कसं शिकलो ते सांगतो.

२००८ सालची गोष्ट. माझे बाबा बँकेतून निवृत्त झाले होते आणि आमच्या घराण्याचा कुळवृत्तांत लिहायला बसले होते. होळकरशाहीत आमचं घर माळव्यात आलं, पुढे देवास, उज्जैन, महूला पांगलं. पुरुषांची नावं मिळायला अडचण नव्हती. क्षेत्रोपाध्यांकडे होती, जुन्या कागदांत होती. पण मुली आणि सुना कुठंच नव्हत्या. मुलगी कुठल्या घरी दिली, सून कुणाकडची आणली, तिचं माहेरचं नाव काय, हे सगळं फक्त देवासच्या आत्याआजींना पाठ होतं. वय अठ्ठ्याऐंशी. रोज संध्याकाळी बाबा त्यांना फोन लावायचे, त्या सांगायच्या आणि बाबा खांद्यावर रिसीव्हर धरून एका बोटानं सरळ संगणकावर टाइप करायचे.

घरी विंडोज एक्सपी होतं. मराठी टाइप करायला मित्रानं दिलेलं एक छोटंसं सॉफ्टवेअर, त्यात आपोआप सेव्ह होण्याची सोय नाही. रात्री बंद कसा करायचा हे मीच बाबांना शिकवलं होतं. “बाबा, शटडाउन करून पुन्हा सगळं उघडत बसू नका, स्टँडबाय करा, सकाळी जिथल्या तिथं मिळेल.” आणि खरंच मिळायचं. लाइट गेली तर यूपीएस होता. त्यामुळे सेव्ह करायची सवय त्यांना लागलीच नाही. गरजच पडत नव्हती. दोष त्यांचा नव्हता, मी त्यांना अर्धीच विद्या दिली होती.

त्या पावसाळ्यात मी एका सरकारी प्रशिक्षणाला जाऊन आलो. तिथं शिकवलं की घरातली उपकरणं बंद असूनही वीज खातात. मला उत्साह चढला. घरी येऊन रात्री मी टीव्हीचं, चार्जरचं, मिक्सरचं बटण भिंतीवरून बंद केलं आणि शेवटी संगणकाच्या टेबलाखाली वाकून यूपीएससुद्धा बंद केला. पडदा काळा होता, पंखा बंद होता. बाबांच्या संगणकाचा बारीक हिरवा दिवा लुकलुकत होता, तो मी पाहिला, आणि मनात म्हटलं, हीच ती उधळपट्टी.

सहा-सात दिवसांचं लिखाण त्यात होतं. सकाळी बाबांनी संगणक सुरू केला, तो पहिल्यापासून सुरू झाला. ते मला काही बोलले नाहीत. दोन दिवस त्या खोलीत गेले नाहीत, तिसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली आणि पेननं सुरुवात केली. आत्याआजींना पुन्हा फोन केला. त्यांनी पुन्हा सांगितलं, पण पहिल्यांदा सांगताना लागलेली तंद्री दुसऱ्यांदा लागली नाही. काही नावं आली, काही अर्धवट आली. त्या दिवाळीपर्यंत त्या माणसं ओळखेनाशा झाल्या. छापलेल्या कुळवृत्तांतात वंशावळीच्या पानावर सात ठिकाणी नावाच्या जागी नुसती रेघ आहे. बाबा २०१६ मध्ये गेले. त्या रेघा तशाच आहेत.

असो. पुढे जाऊ.

एस-चारला ‘हायबरनेट’ म्हणतात. यात रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवतात आणि मग संगणक जवळजवळ पूर्ण बंद होतो. वही मिटून कपाटात. वीज गेली, तार काढली, महिनाभर गावाला गेलात, काही बिघडत नाही. उठायला मात्र एस-तीनपेक्षा जास्त वेळ लागतो. आणि या दोन्हींची सांगड घालणारी एक सोय विंडोज व्हिस्टापासून आली: झोपताना डिस्कवरही लिहून ठेवायचं आणि रॅमही जिवंत ठेवायची. वीज राहिली तर झटकन उठा, गेली तर डिस्कवरून उठा. व्हिस्टा २००७ मध्ये बाजारात आलेलं होतं. आमच्या घरी एक्सपी होतं.

एस-पाच म्हणजे शटडाउन. त्यातही एक फसवणूक आहे, ती सांगायलाच हवी. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर उतरवून ठेवला जातो, पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून. म्हणून “मी रोज बंद करतो तरी कम्प्युटर का अडकतो?” अशी तक्रार घेऊन लोक येतात. त्यांना मी ‘रीस्टार्ट’ करायला सांगतो. विचित्र वाटेल, पण या सोयीमुळे आजचा रीस्टार्ट हा शटडाउनपेक्षा जास्त पूर्ण असतो; तो खरोखर पहिल्यापासून सुरुवात करतो.

आणि स्क्रीनसेव्हर? त्यानं वीज वाचत नाही. तो जुन्या काचेच्या मॉनिटरवर एकच चित्र राहून डाग पडू नये म्हणून आला. आजच्या पडद्यावर मासे पोहत ठेवणं म्हणजे मासे बघण्याची हौस, बाकी काही नाही.

आता नव्या लॅपटॉपचं दुखणं. मुलांचे लॅपटॉप झाकण लावून बॅगेत जातात आणि दोन तासांनी बॅग उघडावी तर आत तवा तापलेला आणि बॅटरी गेलेली. मुलं म्हणतात, मी तर स्लीप केलं होतं. केलं असेल, पण बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये एस-तीन ठेवलेलाच नाही. त्याऐवजी ‘मॉडर्न स्टँडबाय’ आहे, मोबाइलसारखा. पडदा बंद, पण आतून मेल घेणं, अपडेट तपासणं चालू राहू शकतं. आपला सराफा रात्री बंद होतो का? सोन्या-चांदीच्या दुकानांचे शटर पडतात, आणि त्याच ओट्यांवर गराडू, जिलबी आणि भुट्ट्याचा कीस सुरू होतो. लांबून शटर बघणारा म्हणेल, बाजार झोपला. तशी ही झोप. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही, अशी आपल्यात म्हण आहे. इथं सोंग घेतलेल्याला झोपवता येत नाही. नीट जमलं तर ही सोय उत्तम आहे, मी तिला वाईट म्हणत नाही. पण एखादा प्रोग्राम किंवा ड्रायव्हर आडमुठा निघाला तर प्रोसेसर खालच्या पायरीवर उतरतच नाही. म्हणून लॅपटॉप बॅगेत घालून प्रवासाला निघताना हायबरनेट करा किंवा बंद करा. हायबरनेट मेनूत दिसत नसेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन आणता येतं. घरातल्या सातवी-आठवीच्या मुलाला सांगा, तो करून देईल.

बिलाचं म्हणाल तर साधा हिशेब मांडतो. प्लगमध्ये बसणारा एक वॅटमीटर मी घेतला आहे, तो घेऊन मी हल्ली कुठंही वाकतो. कार्यालयातला डेस्कटॉप मॉनिटरसह साठ वॅटच्या आसपास घेतो; मॉनिटर विझलेला आणि संगणक नुसता चालू असेल तर चाळीस; झोपेत दोन; बंद असताना एक. आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. पाच दिवस, रोज आठ तास, म्हणजे कामाचे चाळीस. चाळीस तासांना साठ वॅटनं झाले २.४ युनिट. उरलेले एकशे अठ्ठावीस तास तो चालू ठेवला तर ५.१ युनिट. म्हणजे माणूस समोर असताना जेवढी वीज लागते त्याच्या दुपटीहून जास्त, समोर कुणी नसताना! झोपवला तर त्या ५.१ ऐवजी पाव युनिट. वर्षाला एका संगणकामागे अडीचशे युनिट. तीस संगणक असतील तर साडेसात हजार. आणि बघा, झोपवणं आणि पूर्ण बंद करणं यात फरक एका वॅटचा, वर्षाला साडेसहा-सात युनिटचा. मी २००८ साली ज्या उधळपट्टीवर घाव घातला ती एवढी होती.

हे मी साहेबांना कागदावर मांडून दाखवलं आणि वीस मिनिटं हात न लावल्यास झोपावं, अशी सेटिंग सगळ्या संगणकांवर लावली. दुसऱ्याच दिवशी गोंधळ. एका बाईंच्या संगणकाला प्रिंटर जोडलेला होता आणि तोच सगळ्यांचा सामायिक प्रिंटर होता. बाई जेवायला गेल्या, संगणक झोपला, अख्ख्या शाखेचं छापणं बंद. माझ्या नावानं शंख झाला. तो एक संगणक दिवसा जागा राहील असं केलं. मग एक संगणक रात्री झोपेना. झोपवला की दोन मिनिटांत आपोआप जागा. कुणी म्हणालं व्हायरस, कुणी आणखी काही. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवर-सीएफजी’ जोडून लिहायचं, मग स्लॅश ‘लास्टवेक’. शेवटचं कुणी उठवलं हे संगणक स्वतः सांगतो. उत्तर आलं: माउस. सरकारी टेबल, टेबलावर काच, काचेवर ऑप्टिकल माउस! त्याच्या डोळ्याला काचेवर नीट दिसत नाही, आणि कुणी हात न लावताही त्याला वाटतं आपण हललो. काचेवर जुन्या कॅलेंडरचं पान ठेवलं, संगणक झोपला. माझ्या नोकरीतली ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती.

तर काकू, तुमचं उत्तर. दिवसातून दोन-चारदा लागत असेल तर झोपवा. पण झोपवण्याआधी सेव्ह करा. रात्री बंद केला तर उत्तम, आणि भिंतीवरचं बटण दाबायचंच असेल तर संगणक पूर्ण बंद झाल्यावर दाबा. दिवा लुकलुकत असेल तर आत कुणीतरी जागं आहे. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या तर मात्र शटडाउन करून तार काढून ठेवा. तिथं काकांचं बरोबर. मंडळाच्या कार्यालयातल्या संगणकालाही मी परवा मीटर लावून आलो. तो वर्षभर रात्रंदिवस चालू होता, कारण ‘बंद केला तर पासवर्ड कुणाला आठवत नाही’. पासवर्ड आता चिटणिसांच्या वहीत लिहिला आहे.

आरतीला दहा मिनिटं आहेत, तेव्हा थांबतो. एक खासगी विनंती आहे. इथं देवास, उज्जैन, महूकडची जुनी घरं बरीच आहेत, आणि माझं आडनाव सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या घरातल्या कुणा आजी-पणजीचं माहेर आमच्याकडचं होतं असं कधी कानावर आलं असेल, तर नाव सांगा, अर्धवट आठवत असलं तरी चालेल. प्रसादाच्या वेळी मी दाराशीच उभा आहे, बाबांची वही बरोबर आणली आहे.